पाखरांवर घेतलेला आळ

हे आजवर मी कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही, देवाच्या तर नाहीच — देवाचं आणि माझं फारसं बोलणं नसतं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसांसमोर मी शास्त्राच्या बाई असते. तोंडाच्या फटकळ पण मनाच्या साफ, असं शाळेत माझ्याबद्दल म्हणत. निरोपसमारंभात एका बाईंनी हे माईकवरूनसुद्धा सांगितलं. मी गळ्यातला हार सावरत ऐकून घेतलं.

सुरुवात कबुतरांपासून करते. तिथं मला अजून लाज वाटत नाही, म्हणून बोलायला सोपं जातं.

लग्न होऊन मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आले तेव्हा आमच्या गल्लीत एकाआड एका गच्चीवर ढाबळ होती — फळ्या आणि जाळी ठोकून केलेलं कबुतरांचं घर. सकाळी पाखरं सोडायची आणि मग दिवसभर मान वर करून बसायचं. कुणाचं कबूतर जास्त वेळ आभाळात राहतं यावर चुरस. त्यावर देखरेखीला पंच. पंचाला चहा. आणि शेवटी जिंकणाऱ्याला फेटा, गुलाल, हलगी. कशासाठी? एक मूठभर पाखरू वर गोल गोल फिरून खाली आलं म्हणून. मिश्या असलेले, पोराबाळांचे बाप असलेले पुरुष एवढ्यासाठी नाचत. मला हसू येई आणि ते मी लपवतही नसे.

आमच्या गच्चीवरची ढाबळ माझ्या धाकट्या दिराची, रंगरावची. शिक्षण नववी नापास. उद्यमनगरात लेथवर काम, आणि उरलेला सगळा जीव गच्चीवर. कबुतरांना नावं ठेवलेली. एखादं मलूल दिसलं की लसूण ठेचून भरवायचा, बदाम फोडून घालायचा — घरात पोरांना बदाम नाहीत आणि कबुतरांना बदाम. मी सांगणार आहे त्या वर्षी त्याची मुलगी शीतल नुकती चालायला लागली होती. तो तिला कडेवर घेऊन सकाळी वर जाई आणि ती तिथं उन्हात, पाखरांच्या घोळक्यात बसून मुठीमुठीनं ज्वारी उधळे. माझी जाऊ सुरेखा तेवढ्या वेळात खाली भाकऱ्या थापून घ्यायची. मला किळस यायची. शीतलची सगळी सकाळ गच्चीवर जायची, एवढं मात्र लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

मी त्या घरातल्या कुणालाच आपल्या बरोबरीचं मानत नव्हते. सासूबाई अंगठाछाप, नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, दीर कबुतरांत. आणि मी? मी हेडमास्तरांची मुलगी. माझे वडील, आप्पा, शाहूवाडीकडे मलकापुरात शाळेचे हेडमास्तर होते. शुभ्र धोतर, काळी टोपी, तोंडी संस्कृत. आई गेल्यावर आणि निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. दोन दिवस म्हणून आले आणि राहिले. मुलीच्या घरी बाप राहतो म्हणून सासरच्यांनी तोंड वाकडं केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही केलं. उलट सासूबाई त्यांना पहिला घास वाढत. 'मास्तर आमच्यात ऱ्हात्यात' असं गल्लीत मिरवून सांगत. मी ते माझं येणं असल्यासारखं घेई. आप्पांचं मोठेपण त्या घरावर टेकवून मी उभी होते.

आप्पांना खोकला होता.

जुना होता. मलकापुरात असताना त्यांनी लाल गोळ्या घेतल्या होत्या. कसल्या, ते तुमच्या लक्षात आलं असेल. टीबीच्या. त्या मीच आणून दिल्या होत्या, दुसऱ्या गावच्या दुकानातून, कुणाला कळू नये म्हणून. दोन महिन्यांत बरं वाटलं आणि त्यांनी त्या सोडून दिल्या. तेही मला माहीत होतं. सासरी मी सांगितलं होतं — डोंगराकडच्या पावसात आयुष्य गेलं, छातीत थंडी बसलीय. सासूबाई त्यांना आल्याचा काढा करून देत.

मग माझा ओंकार आजारी पडला. नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट ही, तो बालवाडीत होता. संध्याकाळी अंग तापायचं, जेवण जाईना, हाडं दिसायला लागली. मानेत गाठी आल्या. राजारामपुरीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे मी त्याला एकटीच घेऊन गेले — नवऱ्याची फौंड्रीत पाळी होती. त्यांनी हातावर सुई टोचून तपासणी केली, छातीचा फोटो काढायला लावला. फोटो घेऊन परत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, घरात पक्षी वगैरे आहेत का? मी जणू वाटच बघत होते. म्हणाले, आहेत की, गच्चीभर कबुतरं आहेत.

डॉक्टर जे म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. पक्ष्यांपासून लहान मुलांना काही आजार होतात. पोपटाकडून एक ताप येतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन छातीला त्रास होतो. लहान मुलं त्यापासून लांब ठेवलेली बरी. पण हे त्यातलं नाही. हा टीबी आहे आणि तो मोठ्या माणसाच्या खोकल्यातून मुलाला होतो. घरात कुणाला जुना खोकला आहे का?

मी म्हणाले, नाही.

विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. मी नववीच्या वर्गाला रोगांचा प्रसार शिकवत होते. थुंकीतून, खोकल्यातून, बंद खोलीतून — फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. त्या आकृतीतल्या खोकणाऱ्या माणसाला चेहरा नव्हता. आता होता. आणि तो माझ्या बापाचा होता, म्हणून मी नाही म्हणाले.

घरी आले तेव्हा सगळे पुढच्या सोप्यात बसले होते. रंगराव कामावर न जाता थांबला होता. त्यानं विचारलं, "काय म्हनलं डॉक्टर, वैनी?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांच्याच शब्दांत. पक्ष्यांपासून लहान मुलांना आजार होतात. वाळलेली विष्ठा, धूळ, श्वास, छाती, ताप. फक्त 'पण' या शब्दाच्या पुढचं काही सांगितलं नाही. खोटं असं मी एकही वाक्य बोलले नाही, बघा. किती सफाईनं केलं ते. आणि सांगताना मला बरं वाटत होतं, हेही आज लिहून टाकते. इतकी वर्षं त्या कबुतरांना नावं ठेवत होते, आता माझ्या बाजूनं डॉक्टर होते. आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मी म्हणतच होतो, अस्वच्छ प्रकार आहे तो."

त्यांना माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही.

रंगरावनं वर, गच्चीच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाला, "माज्या पाखरांनी केलं व्हय हे?" मी म्हणाले, डॉक्टर काय खोटं सांगतील? तो उठून वर गेला.

त्याच आठवड्यात त्यानं कबुतरं जाळीच्या पेट्यांत भरली आणि कबनूरला, यंत्रमागावर काम करणाऱ्या दोस्ताला नेऊन दिली. ढाबळ मोडली. फळ्या गच्चीच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या. दोस्ताला बजावून आला होता — पंख बांध, लई दिवस कोंडून ठेव, न्हाईतर परत येतील. दोस्तानं घाई केली. एका सकाळी ओंकारला औषध पाजत होते आणि वर पंखांचा आवाज झाला. जाऊन बघते तर सगळी परत. ढाबळ नव्हती, तर ती जिथं होती त्या मोकळ्या फरशीवर गोळा होऊन बसली होती. रंगराव त्यांच्यामध्ये उकिडवा बसला होता आणि हसत होता. नुसता हसत होता. मला ते हसू सहन झालं नाही. मी जिन्यातूनच म्हणाले, ओंकारला परत काही झालं तर जबाबदार कोण?

त्यानं ती मारली. स्वतः मारली, एकेकाचं नाव घेऊन. गल्लीतल्या एकानं मागितली, मटणासारखी करून खाऊ म्हणाला, तर त्याच्या अंगावर धावून गेला. पोतं सायकलला बांधून नदीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, केवढा हा गडी, आणि कबुतरांसाठी रडतो. मी तोंड फिरवून भाजी निवडत राहिले.

आता त्याच्या पुढचं. इथवर मी तुम्हाला सांगितला तो नुसता माझा खोटेपणा. खोटेपणाची माफी मनातल्या मनात मी स्वतःला कितीतरी वेळा देऊन टाकली आहे. ओंकारला औषध लागू पडलं, तो भरला, खेळायला लागला. बापाची अब्रू राहिली. गेली ती पाखरं. एवढंच असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं?

आप्पांची खाट आमच्या खोलीला लागून होती. डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी मी ती हलवून बाहेर सोप्यात टाकली. म्हणाले, आप्पांना वारं लागेल, माणसांत राहतील. सगळ्यांना पटलं. ओंकारला मी वरच्या खोलीत ठेवलं, त्याला आजोबांजवळ फिरकू दिलं नाही — आजोबांना त्रास देऊ नको म्हणायचं आणि हाताला धरून न्यायचं. आप्पांना एकदा दार लावून म्हणाले, गोळ्या परत सुरू करा. ते म्हणाले, मला काय धाड भरलीय? भरलेल्या वर्गाला एका नजरेत गप्प करणारी मी, बापापुढे गप्प बसले.

आणि शीतल? कबुतरं होती तोवर तिची सकाळ गच्चीवर, उन्हावाऱ्यात जायची. आता गच्चीवर काय होतं? रंगराव वर पाऊल टाकीना. सुरेखाला भाकऱ्या थापायच्या होत्या. तिनं पोरीला सोप्यात, मास्तरांच्या खाटेवर बसवायला सुरुवात केली. घर आता निर्धोक झालं होतं ना! आप्पांना पोर आवडायची. मांडीवर घेऊन, तिची बोटं धरून आकडे म्हणायचे. तोंडाशी तोंड नेऊन म्हणायचे, म्हणजे पोर हसायची. मधेच खोकला यायचा. मी शाळेत जाताना चपला घालायला तिथंच वाकत असे. रोज बघत होते. आपलं पोर मी बाजूला काढलं होतं आणि दुसऱ्याचं तिथं बसलेलं बघून मी चपलेचा पट्टा नीट करून शाळेत जात होते. रोगांचा प्रसार शिकवायला.

ही माझी चूक नाही. चूक नकळत होते.

पावसाळा सरता सरता शीतलला ताप आला. मग उलट्या, मग ती सारखी झोपून राहायला लागली आणि मान वळवली की किंचाळायची. सरकारी दवाखान्यात नेली. रंगराव आत यायला घाबरत होता, दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. डॉक्टरांशी बोलायला कोण? अर्थात मी. शिकलेली मीच होते. पाठीतून पाणी काढलं आणि डॉक्टर म्हणाले, टीबी मेंदूपर्यंत गेलाय. घरात कुणाला आहे? मी म्हणाले, माझ्या मुलाला झाला होता, औषधं पूर्ण होत आलीत. मोठं कुणी? मोठं कुणी नाही.

दुसऱ्यांदा. आणि या वेळी माझं पोर धोक्यात नव्हतं, म्हणजे घाबरून बोलले असंही म्हणता येत नाही.

बाहेर आले तर रंगरावनं माझे हात धरले. असं त्यानं कधी केलं नव्हतं. म्हणाला, "वैनी, खरं सांगा. पाखरांचंच हाय न्हवं? अंगात ऱ्हायलंतं न्हवं तिच्या? मीच न्हेत हुतो की वर, रोज." मी म्हणाले, जुनं इन्फेक्शन राहिलं असेल अंगात. त्यानं भिंतीवर डोकं आपटलं. एकदाच, फार जोरात नाही. मग तिथंच खाली बसला.

त्याच आठवड्यात मी आप्पांना मलकापूरला त्यांच्या जुन्या घरी पोचवून आले. दवाखान्याच्या धावपळीत त्यांचे हाल नकोत, म्हणाले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या पावसात आप्पा तिथं गेले. दम्यानं गेले, असं मी सांगितलं. रंगराव कोल्हापूरहून आला आणि त्यानं त्यांना खांदा दिला.

शीतल वाचली. ऐकू यायचं गेलं. बोलायला नुकती शिकत होती, तेही राहिलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ओंकार इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. शीतल बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला लागली. तिथं ओठ वाचायला शिकली. घरात कुणी बोललं की ती त्याच्या तोंडाकडे बघते, अगदी डोळे न हलवता. मी तिच्यासमोर कमी बोलते. गच्चीच्या कठड्यावर ती रोज सकाळी मूठभर ज्वारी ठेवायची. रानातली, कुणाची नसलेली कबुतरं येऊन खायची. रंगरावनं बघितलं की तो झाडू घेऊन धावायचा, पण पोरीला कारण सांगायचं त्याला धाडस झालं नव्हतं. 'माज्या पाखरांनी तुजं कान खाल्लं' हे कुठला बाप पोरीला सांगेल? ती पुन्हा ठेवायची, तो पुन्हा झाडायचा. बापलेकींचं हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग टीव्हीवर बर्ड फ्लूच्या बातम्या यायला लागल्या आणि रंगरावला जोर आला. ज्या माणसाला आभाळाकडे बघण्यापलीकडे काही येत नव्हतं, तो आता गल्लीत घरोघरी फिरून सांगायला लागला — लेकरांच्या घरात पाखरू ठेवू नका. मला त्याची कीव यायला हवी होती. मला रागच आला. वाटलं, मूर्ख आहे, काहीही सांगितलं की खरं मानतो. कुणी सांगितलं होतं त्याला?

एका रविवारी तो पलीकडच्या गल्लीतल्या एका नव्या जोडप्याला घरी घेऊन आला. बाईच्या कडेवर तान्हं होतं आणि त्यांच्या घरी पिंजऱ्यात लव्हबर्ड्स होते. "हे माजं ऐकंनात," रंगराव मला म्हणाला. "तुमी सांगा. तुमी शास्त्र शिकिवलंय. तुमी त्या वक्ताला सांगितलं म्हनून आमचं ओंकार तरी वाचलं." त्यानं हे हात जोडून म्हटलं. उपरोध त्याला येत नाही.

मी त्या बाईला बरोबर तेच सांगितलं जे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. होतात काही आजार. पिंजरा बाळाच्या खोलीत ठेवू नका, विष्ठा सुकायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा, बाळाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्षी आहेत म्हणून सांगा. एवढं केलंत तर घाबरण्यासारखं फारसं नाही. ती बाई हसली. रंगरावला ते पुरलं नाही. तो त्यांना म्हणाला, "घाबरन्यासारखं न्हाई? माज्या पोरीला बघा की. पाखरांनीच केलं हे."

शीतल दारात उभी होती. तो बोलताना तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते.

जोडपं गेलं. रंगराव त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेला. शीतल माझ्याकडे आली. तिनं आपल्या कानाला बोट लावलं. मग दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून पंजे हलवले, पाखरासारखे. आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिली. बापावर तिचा विश्वास बसला नव्हता. मला विचारत होती. त्या घरात खरं माहीत असलेलं माणूस एकच होतं आणि ती नेमकी त्याच्याकडे आली होती. सासूबाई वारल्या होत्या, आप्पा वारले होते. त्या वेळी घरात आम्ही दोघीच होतो. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती मान आडवी हलवायची होती.

मी मान वरखाली हलवली.

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग हात खाली घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यावर ज्वारी नव्हती. कबुतरं नेहमीप्रमाणे आली, रिकाम्या कठड्यावर इकडून तिकडे चालली. शीतल आतून खिडकी लावून घेत होती.